शांत झाला, असं म्हणू नका

अण्णा, गेल्या महिन्यात एका रविवारी मी परंड्यात वीसेक बाप्यांना सतरंज्यांवर उताणं झोपवलं, आवाज जमेल तितका मऊ केला आणि म्हटलं, "आता विश्राम."

झालं! सगळ्यांचे पाय फाकले, हात कमरेखाली जाऊन एकमेकांत अडकले, छात्या वर आल्या, हनुवट्या ताठ झाल्या आणि नजरा छतावरच्या पंख्याला चिकटल्या. तेही झोपल्या झोपल्या. हे सगळे फौजी, बहुतेक निवृत्त, दोघेतिघे सुट्टीवर आलेले. मी शाळेत पीटी शिकवते. मुलींना 'विश्राम' म्हटलं की त्या लगेच एकमेकींच्या वेण्या ओढायला लागतात, त्यामुळं माझ्या लेखी तो शब्द मोकळं होण्याचा. पुढच्या रांगेतले म्हातारे सुभेदारकाका ओठ न हलवता म्हणाले, "बाई, विश्राममधी हलायची परवानगी नसती. 'आराम से' म्हणा, मंग माणूस सुटतो." सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना माझं हसू पार उतरलं, कारण मला तुम्ही आठवलात. फौजेतून परतल्यावर तुम्ही आमच्यात जी काही वर्षं काढलीत, ती सगळी विश्राममध्येच काढलीत. 'आराम से' तुम्हाला कुणी म्हटलंच नाही.

तुम्हाला हे सगळं नवीन आहे म्हणून सांगते. आता फौजेतसुद्धा असले व्यायाम शिकवतात, आणि बाहेर माझ्यासारख्या काही जणी पुण्याला जाऊन शिकून येतात. मूठ आवळायची, होईल तितकी घट्ट, आणि हळूहळू सोडायची. मग दंड, खांदे, जबडा, पोट, पोटऱ्या. श्वास कसाही घेतलात तरी चालेल, सोडताना मात्र लांबवायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो, मलाही वाटला होता. पण लढाईवरून माणूस घरी येतो आणि त्याचं अंग तिकडं पहाऱ्यावरच राहतं, त्या अंगाला ड्यूटी संपल्याचं कळवायची ही युक्ती आहे. आपल्याकडं 'मनाचा ताण' असं म्हटलं तर कुणी फिरकत नाही, म्हणून सैनिक मंडळाच्या फळ्यावर आम्ही 'पाठदुखी व झोपेसाठी व्यायाम' असं लिहितो. पाठ काय, सगळ्यांचीच दुखते. गंमत अशी की "सैल सोडा, अजून सैल सोडा" असं मी दर रविवारी घोकते आणि दर वेळी मागून तुमचा आवाज येतो. अंगणात मला कवायत शिकवताना तुम्ही खेकसायचात, "सैल पडू नको! सैल पडलेला गडी पयला जातो!" मी तेव्हा पाचवीत. मला वाटायचं, 'जातो' म्हणजे खेळातून बाद होतो.

तुम्ही श्रीलंकेहून परत आलात त्यानंतरचं आपलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही चुलीपासून लांब, भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसला आहात. आई काठवटीत भाकरी थापतेय, थप थप थप, आणि तुमच्या हातातल्या पेल्यातला चहा हिंदकळून धोतरावर सांडतो आहे. आई एकदा तुमच्याकडं बघते, एकदा काठवटीकडं बघते आणि थांबते. त्या सकाळपासून तिनं भाकरी थापणं सोडलं. तळव्यानं दाबत दाबत पसरायची, आवाज न करता. भाकरी जाड व्हायची, कडेला कच्ची राहायची. शेजारणी चिडवायच्या, "काय गं बाई, दोन लेकरं झाली तरी भाकरी यीना व्हय तुला?" ती म्हणायची, "आमच्यात जाडच आवडत्यात." पंचक्रोशीत जिच्या भाकरीला नाव होतं ती बाई हे ऐकून घ्यायची. आपल्या घरात यावर कधी कुणी अवाक्षर काढलं नाही. आम्ही मुकाट जाड भाकरी चावत राहिलो. मला तुमची भीती वाटायची अण्णा, आणि तुम्ही घरात नसलात की त्याहून जास्त वाटायची.

आणि मग ते चांगले दिवस आले. तुम्ही दुपारी झोपायला लागलात, चक्क घोरायला लागलात. आपण सगळे तुळजापूरला गेलो. दर्शन झाल्यावर तुम्ही आईला हिरव्या बांगड्या भरल्यात आणि मला पितळेची शिट्टी घेऊन दिलीत. पोरीच्या जातीला शिट्टी कशाला, म्हणून आई हसली, तुम्हीही हसलात. एका सकाळी तुम्ही भिंत सोडून चुलीजवळ येऊन बसलात आणि तिला म्हणालात, "थाप की जोरात. मला कायबी होत न्हाय आता." आईनं त्या दिवशी अशी भाकरी थापली की काठवट जागची हलली. मला तर वाटलं, संपलं सगळं दुखणं, देवी पावली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही मित्राला भेटायला म्हणून कुर्डुवाडीला गेलात आणि मित्राकडं पोचलाच नाहीत. रुळाजवळ तुमचा पाय घसरला, असं लोकांनी ठरवलं. पाय फौजी माणसाचा, जागा सपाट आणि दिवस उन्हाळ्याचे. मी आठवीत होते आणि भाऊ आईच्या कडेवर होता.

त्या दिवसांत आम्ही खुशीत होतो, यात आमचा काही दोष नव्हता. हे मला आता पक्कं माहीत आहे. पुण्याच्या वर्गात आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रात्रंदिवस तळमळणारा माणूस एकाएकी निवांत झाला तर पेढे वाटायला पळू नका, त्याच्याजवळ बसा. कधी कधी ते बरं होणं नसतं, ते ठरवून टाकणं असतं. सगळ्या जणी लिहून घेत होत्या. मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिले.

आता तुमच्या लेकाचं सांगते. तो हवालदार आहे. कान हुबेहूब तुमचे. आणि या खेपेला सुट्टीवर आला तो बसायची जागाही तुमचीच घेऊन आला, भिंतीला पाठ आणि दाराकडं तोंड. हे त्याला कुणी शिकवलं, मला सांगा! आम्ही तर तुमच्याविषयी 'देवमाणूस होते' यापलीकडं त्याला काही सांगितलेलं नाही. वर बर्फात, चौकीवर, त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत गेला, एवढंच मला त्याच्या बायकोकडून कळलं. तो जेवायचा नाही, झोपायचा नाही, कुकरची शिट्टी झाली की अंगणात जाऊन उभा राहायचा. जगाला झोपायला शिकवायचं आणि घरात हे असं, म्हणजे दिव्याखालीच अंधार. मी त्याला दंडाला धरून वर्गाला नेलं. पहिल्याच दिवशी शेवटी सगळ्यांना पडायला सांगितलं तर हा तसाच बसून.

"अक्का, ह्याचं नाव काय म्हणलीस?"

"शवासन."

"नाव बदल. तसली लई पाहिल्यात म्या. त्यातला एकबी सैल नव्हता."

मी नाव बदललं. आता नुसतं 'उताणं पडा' म्हणते. तो हळूहळू पडायला लागला, डोळे मिटायला लागला. त्याचा जबडा सुटलेला मला दिसायचा आणि माझी छाती वीतभर फुगायची. एका रविवारी तर तो सभागृहातच गाढ झोपला. सुभेदारकाकांनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना चपला हातात घेऊन बाहेर काढलं. मी दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या बायांना सांगत सुटले. अण्णा, एवढं शिकून आलेली मी, वर्गात ऐकलेलं विसरून पेढे वाटायच्याच बेतात होते.

मग त्यानं घरातली कामं काढली. पत्र्याला नवे हूक मारले, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उमरग्याला नेऊन करून आणलं. बायकोला स्कूटी शिकवली, गॅसची टाकी बदलायला शिकवली, शेतातल्या मोटरीचा स्टार्टर कसा धरायचा ते शिकवलं. "उद्या कुणाच्या तोंडाकडं बघायला नको," म्हणाला. फौजी माणसाच्या बायकोला हे यायलाच हवं, यात वावगं ते काय? सगळं गाव म्हणत होतं, नवरा असावा तर असा. पण एके दिवशी त्यानं त्याचं बर्फातलं जाड जॅकेट शेजारच्या गड्याला देऊन टाकलं. मी म्हटलं, "अरे, परत वर जायचंय ना तुला? काय घालशील?" तर म्हणाला, "मिळंल की दुसरं," आणि हसला. चांगलं मोकळं हसला. तुळजापूरला तुम्ही असेच हसला होतात.

त्याच आठवड्यात शेजारची म्हातारी ओट्यावर येऊन बसली. आई ज्वारी निवडत होती. म्हातारी कौतुकानं म्हणाली, "पोरगं शांत झालं बघा तुमचं." आईनं सूप खाली आपटलं. "शांत झाला, असं म्हणू नका! दिवा शांत होतो. जित्या माणसाला तसलं म्हणत्यात व्हय?" म्हातारी चपापली, मीही चपापले. आपल्याकडं बांगडी फुटत नाही, वाढवली जाते. दिवा विझत नाही, शांत होतो. ज्याला त्याला आपण गोड नाव शोधून ठेवलंय, कारण खरं नाव उच्चारलं की ते उंबऱ्यावर येऊन उभं राहतं म्हणे. त्याच रीतीनं तुमचा पाय घसरला. मी त्या दिवशी आईकडं बघत राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं की घसरलेल्या पायावर तिचा विश्वास आहे.

त्यानंतरच्या गुरुवारी मी सकाळीच माहेरी आले होते. आई चुलीशी बसली होती. तुम्ही गेल्यावर तिनं पुन्हा थापायला सुरुवात केली होती, पण या सुट्टीत लेकाचं कुकरचं पाहिल्यापासून परत दाबून जाड भाकऱ्या करत होती. तो आतून आला, पाट ओढून तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आई, थाप की जोरात. मला कायबी होत न्हाय आता."

शब्द न् शब्द तोच. त्याला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. तो तेव्हा कडेवरचं पोर. आईचा हात काठवटीवर तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, धूर झाला, तरी तिनं ती उलटली नाही. तो आपला हसून उठला आणि मोटर चालू करायला शेताकडं गेला. आईनं पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं. ती म्हणाली, "इचार त्याला. मी त्येंना इचारलं न्हवतं."

तो शेतातून परतल्यावर मी त्याला परंड्याला काही आणायचंय असं सांगून गाडीवर घेऊन गेले आणि किल्ल्याच्या खंदकाशी थांबवलं. भर दुपार होती, शेळ्या सोडल्या तर कुणी नव्हतं. अभद्र बोलू नये, बोललं की घडतं, यात माझा जन्म गेलेला. पुण्याच्या बाईंनी सांगितलं होतं, विचारल्यानं ते मनात शिरत नाही, मनात असेल ते बाहेर येतं. तरी मी आधी शेळ्या मोजत राहिले. वाटलं, मी बोलले आणि त्यामुळंच झालं तर? वाटलं, हा हसला आणि 'अक्का, काहीतरीच काय' म्हणाला, तर किती बरं होईल, आपण घरी जाऊन चहा पिऊ.

"तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

तो खंदकातल्या शेवाळाकडं बघत राहिला. श्वास लांब सोडायला मी जगाला शिकवते, माझा छातीतच अडकला होता.

"व्हय," तो म्हणाला.

मग म्हणाला, "झोप तुझ्या व्यायामानं न्हाय लागली अक्का. आधी ठरलं, मंग लागली. सुट्टी संपायच्या आत, असं ठरवलं हुतं."

इतक्या निवांतपणे म्हणाला की मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली. आणि तुमचा राग आला, अण्णा. आयुष्यात पहिल्यांदा इतका आला की तुम्ही समोर असता तर तुमची पदकं तुमच्या अंगावर भिरकावली असती. मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, तुझ्या साहेबाला फोन कर, दवाखान्यात चल. तर म्हणतो, "मेडिकल कॅटेगरी खाली करत्याल. रायफल काढून घेत्याल. पलटणीत पोरं हसत्याल."

"हसू दे. जे हसतील त्यांना माझ्याकडं पाठव, मी रविवारी बघून घेते."

तरी तो हलेना. तेव्हा मी त्याला सांगितलं. "अण्णांचा पाय घसरला नव्हता."

त्याला नवल वाटलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "तवा मी केवढा हुतो?"

"कडेवर होतास. बोलायला पण येत नव्हतं."

"माझी बारकी तेवढीच हाय," तो म्हणाला आणि तिथंच, गाडीच्या चाकाशी खाली बसला. त्यानंतर तो जे रडला ते मी सांगत नाही. शेळ्या चारणारी बाई लांबून बघून निघून गेली. मी त्याला सैल सोड म्हटलं नाही, लांब श्वास सोड म्हटलं नाही. माझ्या शिकवणीतलं मला त्या वेळी काही म्हणजे काही आठवलं नाही, मी नुसता त्याचा दंड धरून बसले होते.

ही कालची गोष्ट. संध्याकाळी त्यानं स्वतः बायकोला सांगितलं. तिनं बारकीला माझ्या मांडीवर दिलं आणि बराच वेळ त्याच्या शेजारी बसून राहिली. आज सकाळी त्यानं साहेबांना फोन लावला. मला वाटलं होतं झाडतील, पण त्यांनी काही लेक्चर दिलं नाही. म्हणाले, पुण्याच्या आपल्या हॉस्पिटलात या, मी कळवून ठेवतो, आणि एकटे येऊ नका. उद्या पहाटे सुभेदारकाका त्यांची जीप घेऊन येतायत. त्यांना मी कारण सांगायला गेले तर मधेच म्हणाले, "बाई, ऱ्हाऊ द्या. मी टाकी फुल करून ठिवतो." आता पलीकडं त्याची बायको पिशवी भरतेय. आई बारकीला घेऊन ओट्यावर बसली आहे. बरा होईल का तो? मला माहीत नाही. 'व्हय' म्हणालेला माणूस ते रोज सकाळी परत म्हणू शकतो, हेही त्या बाईंनीच शिकवलंय. मला भीती वाटतेय, अण्णा, आणि ती उद्या जीपमध्ये बसल्यावर जाईल असं काही नाही.

दुपारी तो बायकोला सोबत घेऊन अंघोळीला गेलेला, अजून विहिरीवरच असेल असं समजून मी त्याच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढायला बसले होते. भाजीच्या सुरीनं स्क्रू फिरवत होते, सुरी सटकत होती. मागं बघते तर हा उभा, ओल्या डोक्यानं. माझ्या तोंडून निघून गेलं, "गंजलीय रे, बदलायची होती." त्यानं कडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आत जाऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "सुरीनं न्हाय निघायची. वरचा आधी काढ, खालनं मी धरतो." त्यानं कडी धरून ठेवली, मी स्क्रू काढले. शेवटचा निघाल्यावर त्यानं ती कडी माझ्या तळहातावर ठेवली आणि आत जाऊन पडला.

तेव्हापासून मी या उघड्या दाराशी पाट टाकून बसले आहे. एक खरं सांगते. हे पत्र मी तुमच्यासाठी लिहायला घेतलेलं नाही. नुसती बसले असते तर त्याला पहारा वाटला असता, हातात काहीतरी काम हवं होतं, म्हणून कागद घेतला आणि समोर पहिलं नाव तुमचं आलं. तुम्हाला सांगायचं होतं ते तर वरच संपलंय.

आत्ता आतून त्यानं विचारलं, "अक्का, झालं का गं लिहून?"

"न्हाय रे," मी म्हटलं, "लई राहिलंय अजून."